खाकरलं की पाणी

धनीराम आपल्या बायकोशी शेवटचं जे बोलला, ते सखाबाईला अजून पाठ आहे. "बोलून झालं नं तुहं? आता बोल एकटीच." समाजमंदिरातून घराकडे येताना, पांदणीच्या वळणावर तो एवढं म्हणाला आणि पुढे चालू लागला. ती मागून. या गोष्टीला दहा-बारा वर्षं होत आली. तेव्हा त्यांचा धनराज शाळेत होता. आता त्याला नागपुरात एका गोदामात काम लागलं, लग्न झालं, सून आली. पण त्या वळणानंतर गेल्या दिवाळीपर्यंत धनीरामच्या तोंडून सखाबाईसाठी एक शब्द निघाला नव्हता.

बाहेर तो बोलत नव्हता असं मात्र नाही. पानठेल्यावर त्याच्याभोवती चार माणसं जमत. गावाबाहेरचं कोणी भेटलं तर तास-तास गप्पा. फोनवर तर एवढ्या मोठ्यानं बोलायचा की शेजारच्या पुष्पाबाईला सगळा मजकूर कळे. दारातल्या कोंबड्यांनाही तो हाक मारून दाणे टाकायचा. सखाबाई तिथेच, दोन हातांवर, चुलीशी बसलेली असायची.

त्यांचं गाव लाखांदूरकडच्या धानाच्या पट्ट्यातलं. गावाला लागून मोठा तलाव. तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली, ढिवरांची पंधरा-वीस घरं आणि त्यांची मासेमारीची सोसायटी. धनीरामचा तिथे एके काळी शब्द चालायचा. मासोळीचं बीज कधी टाकायचं, जाळं कधी ओढायचं, हे तो सांगे आणि लोक ऐकत. त्या साली कोणीतरी सोसायटीच्या राखीव मासोळीवर चोरून जाळं टाकलं. कोणी टाकलं ते कळेना. समाजमंदिरात बैठक बसली, आणि धनीरामनं उभं राहून परसरामचं नाव घेतलं. परसरामशी त्याचं जुनं वाकडं होतं.

"शनिवारी, मी माह्या डोऱ्यानं पाह्यलं," तो म्हणाला. "पारीवर उभा होतो मी."

सखाबाई त्या वेळी किटली घेऊन बायांना चहा देत होती. कोणीतरी सहज विचारलं, "सखाबाई, मंग तुले बी घरी येऊन सांगतलं असन यायनं?" आणि ती सहज बोलून गेली, "शनिवारी? शनिवारी तं हे नाकाडोंगरीले होते. माह्या भावाच्या पोराचं बारसं होतं नं."

कप खाली ठेवल्याचे आवाज थांबले. कळून बोलली की न कळून, असं तिला पुढे पुष्कळांनी विचारलं. तिनं स्वतःलाही विचारून पाहिलं. परसराम भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या पायाचा अंगठा सारखा जमीन उकरत होता. तिची नजर त्या अंगठ्यावर होती. त्यापुढचं तिला नीट सांगता येत नाही.

परसराम सुटला. धनीरामला मात्र कोणी एका शब्दानं वाईट म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोंग्यात कोणी बसलं नाही. डोंग्याला दोन माणसं लागतात. एक पुढे जाळं सोडणारा, एक मागे बांबूनं डोंगा धरणारा. आजवर त्याच्या मागे बसायला लोक वाट पाहत. त्या दिवशी जो तो आपलं जाळं झटकत राहिला, आभाळाकडे पाहत राहिला. धनीराम घरी परतला. तिसऱ्या दिवशी तो खांद्यावर जाळं टाकून अंगणात उभा राहिला. कोपऱ्यातल्या बांबूकडे पाहिलं, मग सखाबाईकडे पाहिलं. तिनं हातातली झाडणी ठेवली आणि बांबू उचलला.

ज्या बाईशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं, तीच रोज सकाळी त्याच्या पाठीशी, हात-दोन हातांवर, त्या अरुंद लाकडात बसू लागली.

सुरुवातीला सखाबाईला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. मग वाटलं, दिवाळीपर्यंत निवळेल. तिनं त्याच्या आवडीचे झिंगे केले, लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी दिली. तो जेवला, हात धुतले, उठला. तिनं रडून पाहिलं. तो बाहेर जाऊन बसला. नाकाडोंगरीहून तिचा भाऊ आला, पाया पडून म्हणाला, "भाटोजी, जाऊ द्या आता." धनीराम त्याच्याशी गोड बोलला, त्याला मासोळी बांधून दिली आणि बसस्टॉपवर सोडून आला. घरात आल्यावर पुन्हा तेच.

धनराज लहान होता तोवर त्याच्या मार्फत काम चाले. "तुह्या मायले सांग, आज बाजारात लवकर जाजो." मायलेकरं एकाच चटईवर बसलेली असली तरी पोरगा मान वळवून सांगे, "माय, बाबा म्हणते..." पुढे तो शिकायला बाहेर गेला आणि तेवढाही दुवा तुटला. मग राहिलं खाकरणं.

एकदा खाकरलं की पाणी. पेला पालथा ठेवला की चहा नको. ताट बोटानं इंचभर पुढे सरकवलं की भात, आणि बोट ताटाच्या कडेवर दोनदा फिरलं की मीठ कमी आहे. दुपट्टा खांद्यावर टाकला तर तो गावातच आहे. डोक्याला गुंडाळला तर लाखांदूरला चालला, जेवायला येणार नाही. पण या झाल्या वरच्या गोष्टी. सखाबाईला त्याहून खोलवरचं कळू लागलं. सपरीत, पुढच्या पडवीत, त्याची चप्पल कशी पडली, यावरून पानठेल्यावर कोणाशी काय झालं असेल याचा तिला अंदाज येई. तो कुशीवर वळला की गुडघा दुखतोय की झोप येत नाही, ते तिला खाटेच्या आवाजावरून समजे. तलावावर तर तो मागे वळूनही पाहत नसे. उजवा खांदा जरा खाली गेला की ती डोंगा उजवीकडे घेई. पंजा पाण्याशी समांतर धरला की थांबवी. बाकीचे डोंगे एकमेकांना हाका मारत, शिव्या देत, हसत. यांचा डोंगा त्यांच्यामधून गुपचूप निघून जाई आणि जाळं सगळ्यांत बरोबर पडे. नवखे लोक म्हणत, काय जोडी आहे!

हे ऐकून सखाबाईला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगा, खरंच बरं वाटायचं. दिवसभरात चूक झाली नाही की तिला आपण काहीतरी कमावलं असं वाटे. चूक झाली की त्याचं नाक किंचित फुगे आणि मग तो दिवस, कधी दोन दिवस, इशाराही बंद. तेव्हा घर एवढं रिकामं होई की ती खाकरण्याची वाट पाहत बसे.

एकदा ती तापानं फणफणली. उठली नाही. धनीराम बाहेर जाऊन आला आणि काही न बोलता फळीवर गोळ्यांची पट्टी ठेवून गेला. त्या पट्टीवर ती कित्येक महिने जगली. रिकामी झाल्यावरही तिनं ती फेकली नाही. पुष्पाबाई म्हणाली, "तुले काय येड लागलं का वो? बोलत नाई तो मानूस तुह्यासंग. जाय नं भावाकडे." सखाबाई म्हणाली, "जाऊन काय करू? भावाच्या घरी बसून खाऊ? आन तो काही मारत नाई, पित नाई. लोकायले काय सांगू, काय करते म्हनून?" अंगावर वळ नाही, घरात दारू नाही. असल्या दुःखाला चारचौघांत नाव काय द्यायचं?

गेल्या दिवाळीला धनराज बायकोला घेऊन आला. मंडई, गावची दिवाळीनंतरची जत्रा, होईपर्यंत राहणार होता. सून नीतू तुमसरची, बोलघेवडी. ती आल्या-आल्या घरात आवाज झाला. रांगोळीचे रंग काढताना बोलायची, पोहे भिजवताना बोलायची, एकटी असली तर फोनशी बोलायची. सखाबाईच्या कानांना त्याची सवय नव्हती. दोन दिवस तिचं डोकं दुखलं आणि तिसऱ्या दिवशी ती स्वतःच सुनेच्या मागे-मागे फिरू लागली.

नीतूला सगळं लगेच दिसलं. भांडी घासता घासता तिनं विचारलं, "आई, बाबा तुमच्यासंग बोलत काहून नाही?"

इतक्या वर्षांत असं सरळ कोणी विचारलं नव्हतं. गावाला कारण ठाऊक होतं आणि पाहुण्यांना विचारायची हिंमत नव्हती. सखाबाई म्हणाली, "जुनी गोष्ट आहे, बाई. पन मले समजते त्यायचं सगळं. बोलाची गरज नाई पडत."

"सगळं कसं समजते?"

तेवढ्यात सपरीतून धनीराम खाकरला. सखाबाईनं डोळे मिचकावले, "पाहाजो आता," आणि गडवा भरून नेऊन दिला. परत आली तर नीतू तोंडाला पदर लावून हसत होती.

मग तो एक खेळच झाला. नीतू एकेक शिकत गेली. "आई, पेला पालथा! म्हणजे चहा नको, बरोबर?" सखाबाई तिला बारकावे सांगू लागली. सपरीतल्या पावलांचा आवाज ऐकून आता काय होईल ते दोघी आधीच एकमेकींना सांगत आणि तसंच झालं की हसत. आपल्याला येणाऱ्या या गोष्टीचं कोणी कौतुक करेल असं सखाबाईला कधी वाटलं नव्हतं. त्या चार-पाच दिवसांत ती जितकी हसली तितकी मधल्या वर्षांत हसली नसेल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी धनीराम बाहेर होता आणि तिघं जेवायला बसली. धनराज एका हातानं जेवत होता, दुसऱ्या हातात मोबाइल. नीतू घास तोंडाशी नेणार तोच धनराजनं मोबाइलवरची नजर न हलवता नखानं रिकाम्या पेल्यावर टक-टक केलं. नीतूनं घास ताटात ठेवला, उठली, पाणी ओतलं. बसली. थोड्या वेळानं त्यानं ताट बोटानं इंचभर पुढे सरकवलं. नीतू पुन्हा उठली आणि भात वाढला.

दोघांत भांडण नव्हतं. सकाळीच ती दोघं अंगणात एकमेकांना चिडवत होती. तो रागात नव्हता, ती घाबरलेली नव्हती. ते इतकं सहज झालं की दुसऱ्या कोणाला दिसलंही नसतं. पण सखाबाईचा हात ताटातच राहिला. ते बोट तिच्या ओळखीचं होतं. तिच्या नवऱ्याचं बोट तिच्या पोराच्या हाताला लागलं होतं.

जेवणं झाल्यावर ती नीतूला घेऊन मागच्या अंगणात गेली. "धनराज तिकडं नागपुरात बी असाच करते का? पानी मागत नाई तोंडानं?"

"हो नं," नीतू म्हणाली. "पहिले मले काही समजतच नव्हतं. आता समजते सगळं." तिच्या आवाजात जराशी ऐट होती. मग ती पायानं माती सारत म्हणाली, "एकदा नाही समजलं तं चार दिवस बोलले नाही माझ्याशी. तेव्हापासून मी ध्यान ठेवते. इथं आल्यावर समजलं मले, हे तुमच्या घरचंच आहे म्हणून."

ऐट सखाबाईला ओळखू आली. ती तिचीच होती. आणि चार दिवस म्हणजे काहीच नाहीत, पण ते पुढे किती होऊ शकतात हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक होतं? गेले पाच दिवस आपण या पोरीला काय शिकवत होतो, हे तिला तिथे, घासलेल्या भांड्यांच्या ढिगाशी उभ्या-उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुपात तांदूळ पाखडत होती. धनीराम सपरीत बसला होता. तो खाकरला.

सखाबाई पाखडत राहिली.

तो पुन्हा खाकरला. नीतू उठायला लागली तसं सखाबाईनं तिचं मनगट धरलं. "बस." आणि मग सपरीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय पायजे?"

आत धनराज फोनवर होता, तोही थांबला. धनीराम हलला नाही. थोड्या वेळानं तो तिसऱ्यांदा खाकरला, जरा जोरात.

"खोकला झाला असन तं दवाखान्यात जा," सखाबाई म्हणाली. "पानी पायजे असन तं सांगा."

नीतू फिस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. धनीरामनं दुपट्टा उचलला, खांद्यावर टाकायचा की डोक्याला गुंडाळायचा हे जणू विसरल्यासारखा हातातच धरून तो बाहेर गेला. सखाबाईच्या सुपातले तांदूळ जमिनीवर सांडले ते तिनं नंतर वेचले.

तलावावर जायची वेळ झाली तसा तो आला, जाळं घेतलं आणि अंगणात उभा राहिला. ती बांबू घेऊन निघाली. न जाऊन चालणार नव्हतं. मंडईच्या दिवसांत मासोळीला मागणी होती आणि त्याच्या डोंग्यात दुसरं कोणी बसणार नव्हतं.

डोंगा पाण्यात गेला. वारा होता. धनीरामनं नवं जाळं सोडायला सुरुवात केली. उजवा खांदा खाली गेला. सखाबाईला अर्थ कळला, हातही बांबूकडे वळले, आणि तिनं ते मांडीवर आवळून धरले. डोंगा सरळच जात राहिला. त्यानं मागे वळून पाहिलं. किती वर्षांनी तो डोंग्यात मागे वळला होता! त्यानं हातानं उजवीकडे दाखवलं, लहान पोराला दाखवतात तसं.

"तोंडानं सांगा," ती म्हणाली. "हातानं नाई समजत आता मले."

सरळ पुढे, पाण्याखाली, जुन्या बाभळीचा खुंट होता. त्याला ठाऊक होता, तिलाही ठाऊक होता. वाऱ्यानं डोंगा तिकडे ढकलला आणि जाळं खुंटात अडकलं. वारा डोंग्याला पुढे ओढू लागला, जाळं मागे. धनीरामच्या मनगटाला दोरीचा वेढा होता. तो आवळत गेला. डोंगा त्याच्या बाजूनं कलला. बांबू टेकवून डोंगा हातभर मागे घेतला असता तर सगळं सैल पडलं असतं. त्यानं पंजा हलवला, मागे, मागे. पाणी कडेवरून आत आलं.

"मांगं घे, एवढं म्हना!" सखाबाई ओरडली. तिचाच आवाज तिला पाण्यावर मोठा वाटला. दूरच्या डोंग्यातले लोक वळून पाहू लागले. "दोन शब्द आहेत! म्हना!"

धनीरामनं तोंड उघडलं. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि त्याला वाचण्यात तिचा हात धरणारं त्या गावात कोणी नव्हतं. तिला त्याच्या गळ्यातली गाठ वर गेलेली दिसली, खाली आलेली दिसली. जीभ हलली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. आत शब्दच सापडत नसल्यासारखा तो घाबरून तिच्याकडे पाहत होता. मग त्यानं डोळे फिरवले, कमरेचा चाकू काढला आणि जाळं कापलं. अर्ध्याहून जास्त नवं जाळं खुंटाशी पाण्यात राहिलं. डोंगा झटका खाऊन सरळ झाला.

आपल्याला चीड येईल, नाहीतर जिंकल्यासारखं वाटेल, असं सखाबाईला वाटलं होतं. तिला फक्त भीती वाटली. इतकी वर्षं ती समजत होती की तो शब्द मुठीत धरून बसला आहे आणि मनात आलं की मूठ उघडेल. आपण दाराबाहेर आहोत आणि तो आत, आरामात. पण तो माणूस स्वतःच्याच शब्दात कधीचा अडकून पडला होता आणि आता त्यालाही बाहेर येता येत नव्हतं. तिनं बांबू टेकवला आणि डोंगा काठाला आणला. पुढे बसलेल्या त्या पाठीकडे तिनं पाहिलं नाही.

घरी धनराज तिच्यावर भडकला. कोणीतरी त्याला तलावावरची गोष्ट सांगितली होती. "माय, काय लावलं हे? या वयात तमाशा करून राहिली? बुडला असता नं बाबा!"

"बुडला असता," ती म्हणाली. "आन तरी बोलला नसता."

"मंग तुले समजत होतं तं करायचं होतं नं!"

सखाबाई त्याच्यासमोर बसली. "धनराज, तू तुह्या बायकोले पानी माग. तोंडानं माग."

"म्हणजे?"

"तू पेल्यावर टकटक करतं. ताट सरकवतं. आन नीतू उठते."

तो हसला, मग त्यानं नीतूकडे पाहिलं. नीतू खाली पाहत होती. "मी असं करतो?" त्यानं विचारलं. तो सोंग करत नव्हता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. ज्या घरात तो वाढला तिथे जेवताना असाच आवाज येई. त्याला वाटलं, सगळ्यांच्या घरी येतो. तो बराच वेळ मोबाइल हातात उलटसुलट फिरवत बसला. मग अवघडून, परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाला, "नीतू, पाणी दे."

"उठून घ्या," नीतू म्हणाली.

सखाबाईला हसू फुटलं. धनराज तोंड पाडून उठला आणि पाण्याच्या गुंडातून पेला भरून घेतला. सपरीत बसलेल्या धनीरामनं हे सगळं ऐकलं. त्याची पाठ भिंतीला टेकलेली होती आणि ती किंचितही हलली नाही, एवढं सखाबाईला आतूनही दिसलं.

मंडई झाली आणि पोरं नागपूरला परतली. घरात पुन्हा दोघंच. आणि आता जे सुरू झालं ते आधीच्यापेक्षा कठीण होतं. धनीरामनं खाकरणं सोडलं. तो स्वतः पाणी घेई, स्वतः भात वाढून घेई, ताट स्वतः विसळी. सखाबाईनं काही करायचं नाही असं ठरवलं होतं, पण समजणं काही तिच्या हातात नव्हतं. तिचे कान, डोळे ऐकत नव्हते. चपलेच्या आवाजावरून तिला कळे की आज डोकं दुखतंय, आणि ती हात मांडीखाली दाबून बसे. शिकलेलं विसरायचं कसं, हे कोणाला विचारणार?

थंडी पडल्यावर एका सकाळी तो उठला नाही. खाटेची कुरकूर वेगळी होती, श्वास वेगळा होता. ताप आहे हे तिला चुलीपाशी बसल्या-बसल्या कळलं. ती उठून खाटेजवळ गेली, उभी राहिली.

"ताप आहे का?"

त्यानं मान हलवली. ती उभीच. गोळ्या तिच्या पदराच्या गाठीत होत्या, आणि ते तिच्या उभं राहण्यावरून त्याला कळलं असावं. तिला प्रथमच वाटलं की हा आपल्याकडे पाहतो आहे, आपण काय म्हणतोय ते शोधतो आहे. बाहेर कोंबड्या कलकलत होत्या.

"हो," धनीराम म्हणाला.

घोगरा, चिरका आवाज. फोनवरचा तो मोठा आवाज याचा कोणी लागत नव्हता. या एका शब्दाची वाट पाहताना सखाबाईनं मनातल्या मनात काय काय रचून ठेवलं होतं! रडेन, भांडेन, पाय धरेन, विचारेन की माझा गुन्हा काय. त्यातलं काहीच आलं नाही. तिनं गोळी दिली, पाणी दिलं आणि चुलीवरचा भात पाहायला परत गेली. भात खाली लागला होता.

त्यानंतर तो बोलू लागला, असं म्हणायचं तर म्हणता येईल. दिवसाला तीन-चार शब्द. पाणी. मीठ. वारा आहे. पुष्पाबाईला वास लागलाच. धुणं वाळत घालताना तिनं हळूच विचारलं, "बोलते म्हने आता?"

"बोलते."

"काय बोलते?"

सखाबाईनं आठवून पाहिलं. "काही नाई वो. कामाचं."

पुष्पाबाईला याहून जास्त काहीतरी हवं होतं. सखाबाईलाही हवं होतं बहुतेक, पण काय ते तिला आता सांगता आलं नसतं. कधी रात्रीचं जेवण झाल्यावर तो अंगणात बसे आणि ती आत, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या मनात काय आहे ते नीट कळत असे. समाजमंदिरातली ती बैठक, परसराम, ते वळण. ते कोणी काढलं नाही. पुढेही काढतील असं वाटत नाही.

संक्रांत होऊन गेल्यावरची गोष्ट. धनीराम जाळं खांद्यावर टाकून अंगणात उभा होता. कापलेलं जाळं त्यानंच बसून जोडलं होतं. सखाबाई सुकवलेले झिंगे निवडत होती. एरवी त्याचं असं उभं राहणं पुरे असे. ती मान वर न करता निवडत राहिली. तो पाय बदलून उभा राहिला, एकदा बाहेर रस्त्याकडे पाहिलं, परत आत पाहिलं.

"येतं का तू?" त्यानं विचारलं.

लग्न होऊन आली तेव्हापासून, अबोल्याच्या आधीच्या वर्षांतसुद्धा, त्यानं तिला हे कधी विचारलं नव्हतं. चल म्हटलं होतं, ऊठ म्हटलं होतं. नाही म्हणता येईल अशा रीतीनं विचारलं नव्हतं. नाही म्हणावं का, हे तिनं खरोखर पाहिलं. नाही म्हणून जायचं कुठे? बाजार दुपारचा होता, मासोळी लागणार होती, आणि तो एकटा डोंगा नेऊ शकत नव्हता.

"थांबा," ती म्हणाली. "हातचं काम होऊ द्या."

तो पायरीवर बसला. झिंगे केव्हाच निवडून झाले होते. तिनं ते सुपात पुन्हा पसरले आणि एकेक करून, सावकाश, पुन्हा निवडायला घेतले. त्याला ते कळलं असेल तर त्यानं काही म्हटलं नाही. ऊन पायरीवर आलं तेव्हा तिनं सूप ठेवलं, बांबू घेतला आणि त्याच्या मागे तलावाकडे निघाली.